समुद्राची ओटी

आमच्या घराण्यात मेंढ्यांशिवाय कुणी काही हाकलं नव्हतं, आणि धाकटा भाऊ निघाला बोटीवर नोकरीला. तो गेला त्या दिवसापासून आईने धोशा लावला, समुद्राची ओटी भरायची. भीमेला पूर आला की आमच्याकडे बायका नदीची ओटी भरतात, गाव सांभाळ म्हणून. आता पोरगं समुद्राच्या हवाली, तेव्हा मान त्याचा.

दौंडहून गाडीने ती माझ्याकडे अहमदाबादला आली ती खण, नारळ, तांदूळ पिशवीत बांधूनच. भावाचा बरेच दिवस फोन नव्हता. नवरा म्हणाला, "लोथलला जाऊ. जुनं बंदर आहे." बंदर म्हटल्यावर मीही पुढे काही विचारलं नाही. बंदराला समुद्र असणारच की!

तिथे विटांचा लांबलचक हौद होता, तळाला थोडं हिरवं पाणी. पलीकडे घरांचे पाये, एक विहीर, आणि मग नुसता सपाट मुलूख. आई चपला काढून, पिशवी छातीशी धरून उभी.

"समुद्र कुठं हाय गं?"

मी तिथली पाटी पुन्हा वाचली. "इथवर बोटी यायच्या. मग गाळ भरला, पाणी लांब सरकलं. हजारो वर्षं झाली."

ती काठाकाठाने चालत राहिली. "मग त्या वक्ताला जी बोटीवर गेल्ती, ती माघारी आली तवा उतरली कुठं?"

पाटीवर ते नव्हतं. मला तिचा राग आला, आणि मी फोन काढून पाहिला; भावाचं काही नव्हतं.

"याच पाण्याला वाहा ना, आई," नवरा म्हणाला.

"ह्यो हौद हाय, जावईबापू. पोरगं ह्याच्या ताब्यात न्हाई."

तिला यवतला, आमच्या गावी, सोडायला मीच आले. प्रवासभर पिशवी मांडीवर. घरी आल्यावर खुंटीला. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला. बोट कुठल्याशा बंदराला लागली होती. जेवला का, तब्येत कशी, आईने काहीच विचारलं नाही.

"पाणी हाय का तिथं?"

"कसलं पाणी?"

"समुद्राचं!"

"आई, मी बोटीवर आहे."

"व्हय, पर बघ एकदा."

तो हसेल असं मला वाटलं. फोनमध्ये लोखंडी जिन्यावर पावलं वाजली, मग नुसता वारा.

"हाय, आई," तो म्हणाला. "लांबपातूर हाय."

"मग फोन तसाच धर पाण्याकडं," म्हणत आईने खुंटीवरची पिशवी काढली.