स्वालबार्ड आणि अण्णांची तिसरी पाळी

आकाशातला हिरवा उजेड बघायला मी मे महिन्याची तिकिटं काढली. काढली ती काढली, वर सोसायटीच्या पूजेला प्रसादाची वाटी हातात घेऊन चारचौघांत सांगितलंही. नॉर्वेच्याही वर, पार उत्तर ध्रुवाच्या अंगाला स्वालबार्ड नावाचा बेटांचा पुंजका आहे, तिथे रात्री आकाशात हिरवा उजेड हलत असतो, आम्ही दोघं तो बघायला चाललोय, असं मी शिऱ्याचा घास हातातच धरून म्हणालो. मंडळींवर बऱ्यापैकी परिणाम झाला. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "आम्ही बुवा सिमल्याच्या वर कधी गेलो नाही."

बायको समोर सतरंजीवर बसली होती. ती हडपसरच्या एका शाळेत भूगोल शिकवते. तिने शिऱ्यातला बेदाणा बोटाने बाजूला केला आणि विचारलं, "मे महिन्यात?"

"हो. मे महिन्यात."

"आणि अंधार काय इथून घेऊन जाणार?"

काका हसले. मीही हसलो, कारण सगळे हसत होते. त्यातली मेख मला लिफ्टमध्ये कळली. तिने ती नववीच्या मुलांना सांगतात तशी, एकेक शब्द सुटा करून सांगितली. तो हिरवा उजेड दिसायला रात्र लागते. स्वालबार्डला उन्हाळ्यात रात्र होत नाही. सूर्य एप्रिलमध्ये वर येतो तो ऑगस्टपर्यंत मावळायचं नाव घेत नाही. आमचा मजला आला तेव्हा माझा चेहरा बहुधा नापास झालेल्या मुलासारखा दिसत असावा, कारण ती म्हणाली, "असू दे. चप्पल काढा, अण्णा झोपलेत."

आता चूक माझीच, पण तिच्यात आमच्या अख्ख्या खानदानाचा हातभार आहे. आमच्या घरात प्रवास मे महिन्यातच होतो. लहानपणी शाळेला सुट्टी मेमध्ये, वडिलांना रजा मेमध्ये. पुढे बायकोची शाळा, मुलीची शाळा, सगळं मेमध्येच. मुलगी नोकरीला बंगळूरला गेली तरी मी खराडीच्या ऑफिसात मेचीच रजा टाकतो आणि ती मिळाली नाही तर वर्षभर कुरकुरतो. पृथ्वीच्या इतर भागांत मे महिन्यात काही वेगळं चालत असेल, अशी शंकाही मला आली नाही. त्या बेटांचे मी इतके व्हिडिओ पाहिले, सगळ्यांत बर्फ आणि अंधार. त्या अंधाराला महिना असतो, हे कुणी सांगितलं नाही. घरात भूगोलाची शिक्षिका होती, पण तिला विचारायचं नव्हतं.

का, ते सांगतो. ही सहल तिने मागितली होती. दिवाळीनंतर एकदा मेथी निवडता निवडता म्हणाली, "मला कुठेतरी न्या. थंड असेल अशा ठिकाणी. आणि ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा ठिकाणी. पण मला काही विचारायचं नाही. शाळेच्या सहली मी काढते, घरातली कार्यं मी पार पाडते. ही एक तुम्ही काढा."

ओळखीचं कुणी भेटू नये ही अट पुण्यातल्या माणसाला सोपी नसते. मनालीला आम्हाला तिचे मुख्याध्यापक भेटले होते, बर्फात, मफलर गुंडाळून, आणि त्यांनी तिथल्या तिथे सहामाहीच्या पेपरांचा विषय काढला होता. म्हणून मी नकाशावर वर वर सरकत गेलो. स्वालबार्डच्या वर सरकायला फारसं काही उरत नाही.

आणि तिला जायचं का होतं, हे विचारायची गरज नव्हती. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, हडपसरच्या एका कारखान्यात आयुष्यभर कामाला होते. त्यातला बराच काळ तिसऱ्या पाळीला, म्हणजे रात्रपाळीला. कारखाना केव्हाच बंद झाला, त्या जागेवर आता काचेची इमारत आहे. पण गेल्या काही वर्षांत अण्णांच्या डोक्यात तिसरी पाळी पुन्हा सुरू झाली आहे. दिवसा ते बरे असतात, पेपर वाचतात, भाजीवाल्याशी हुज्जत घालतात. घर झोपलं की उठतात, पँट-शर्ट चढवतात, सगळी बटणं नीट लावतात आणि आमच्या दाराशी येऊन हाक मारतात, "सूनबाई, डबा."

पहिल्यांदा मी वाद घातला. म्हटलं, "अण्णा, कारखाना बंद झाला." अण्णा म्हणाले, "मग तुझ्या शिक्षणाचा खर्च कोण करतंय?" बायको उठली, पोळी-भाजी स्टीलच्या डब्यात भरली आणि त्यांच्या हातात दिली. अण्णा हॉलमधल्या खुर्चीत बसले, जरा वेळाने डबा उघडून जेवले, डबा विसळून पालथा घातला आणि पाळी संपवून घरी आलेल्या माणसासारखे झोपायला गेले. तेव्हापासून हे रोज चालतं. रोज म्हणजे रोज, शाळेची परीक्षा असो नाहीतर तिला ताप असो. संध्याकाळी कणीक भिजवताना ती अण्णांच्या दोन पोळ्या धरूनच भिजवते.

मी उठून डबा देऊन पाहिला. माझ्या हातून ते घेत नाहीत. "तू कशाला उठलास? सकाळी शाळा नाही का तुला?" असं विचारतात, आणि मी, पन्नाशी ओलांडलेला, टक्कल पडलेला माणूस, मुकाट्याने परत पांघरुणात शिरतो. मला हे सोयीचं पडतं, असं बायकोचं मत आहे. ते मी कधी खोडून काढलेलं नाही.

तर मेमध्ये रात्र नसते हे कळल्यावर मी सहल हिवाळ्यात ढकलायचं ठरवलं आणि बहिणीला फोन केला. माझी बहीण सोलापूरला असते. दर मे महिन्यात ती आमच्याकडे माहेरपणाला येते, म्हणजे आंबे खाते, दुपारी गाढ झोपते आणि वहिनीच्या हातचं जेवते. यंदा त्या माहेरपणावर पाणी सोडून आम्ही जाऊ तेवढे दिवस अण्णांना सांभाळायचं तिने कबूल केलं होतं.

"दिवाळीनंतर येशील का गं?"

"दादा, मुलाची बारावी आहे. तू मे म्हणालास, मी मे दिला. माझ्याकडे दुसरा महिना नाही."

"पण मेमध्ये तिथे रात्रच नसते."

"मग बरंय की. इथली रात्र मला देऊन चाललायस, तिथली कशाला हवी तुला?"

आमच्या घरातल्या बायका फोन असा ठेवतात.

पण ती मनाने चांगली. सराव म्हणून होळीला दोन दिवस येऊन राहिली. निघायच्या दिवशी सकाळी चहाला बसली तेव्हा डोळे सुजलेले. पहिल्या रात्री तिने अण्णांना समजावायला घेतलं, की अण्णा, तुम्ही रिटायर झालात. अण्णांनी तिला इतकं सुनावलं, की ती लेक असूनही बाहेरची झाली. दुसऱ्या रात्री तिने वहिनीला उठवायचं नाही असं ठरवून, हाताला लागला तो प्लास्टिकचा डबा भरून दिला. अण्णांनी झाकण फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "हा माझा डबा नाही. कुणाचा तरी उचलून आणलास. तो माणूस आता उपाशी राहील." मग डबा धरून उभेच राहिले, कुणी तरी उपाशी असल्याच्या काळजीत. शेवटी बायकोच उठली.

"वहिनी, मला जमेल," बहीण चहा ढवळत म्हणाली. साखर विरघळून बराच वेळ झाला होता.

"जमेल हो," बायको म्हणाली, आणि दोघीही माझ्याकडे पाहायला लागल्या. जणू मीच तो उपाशी राहिलेला माणूस होतो आणि माझाच डबा त्यांनी उचलला होता.

तयारी तरीही चालू राहिली, कारण एकदा सुरू झालेली गोष्ट थांबवायलाही शक्ती लागते आणि ती आमच्यात नव्हती. एप्रिलमध्ये, पंख्याखाली बसूनही पाठ घामाने भिजत होती तेव्हा, आम्ही गरम कपडे घ्यायला गेलो. दुकानदाराने विचारलं, "थंडी किती?" मी म्हणालो, "अस्वलांइतकी." तिथे गावाबाहेर पडायचं तर बंदूकवाला वाटाड्या बरोबर लागतो, पांढरी अस्वलं फिरत असतात, हेही त्याला सांगितलं. त्याने बिचाऱ्याने जाड कोट काढला. मी तो घातला, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि ती अडकली. दुकानदार आणि त्याचा भाऊ मला त्यातून सोडवत असताना मी बायकोला हाक मारली. वळून पाहिलं, तर लोकरी टोप्यांच्या ढिगाला टेकून, स्टुलावर बसल्या बसल्या ती झोपली होती. तोंड किंचित उघडं. हातात एक हातमोजा.

दुकानदार हळूच म्हणाला, "असू द्या साहेब, बसू द्या." मी तो कोट अंगात तसाच ठेवून घामाच्या धारांत उभा राहिलो. तिला उठवायचं धाडस कुणालाच झालं नाही.

त्या दिवशी मला वाटलं, पुरे. हिला स्वालबार्ड नको, हिला एक सबंध रात्र हवी. आणि मी हिला जिथे घेऊन चाललोय तिथे नेमकी तीच एक गोष्ट मिळत नाही. हिरवा उजेड नाही, अंधार नाही, आणि इथे बहिणीच्या हातून डबा अडणार, मग तिथून फोनवर अण्णांची समजूत कोण घालणार, तर हीच. रद्द करावी. तिला सांगावं की माझी चूक झाली, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी बघू हे आमच्या घरात नाही म्हणण्याचं सभ्य रूप आहे.

रविवारी दुपारची जेवणं झाली होती. अण्णा पेपर घेऊन खुर्चीत, बायको त्यांच्यासाठी खरबूज चिरत होती. मी सुरुवात करणार तेवढ्यात अण्णाच म्हणाले, "कुठं चाललाय म्हणे तुम्ही?"

"नॉर्वेकडे, अण्णा. स्वालबार्ड म्हणून बेटं आहेत."

"काय हाय तिथं?" अण्णांचं मूळ गाव सासवडकडचं, दुपारच्या जेवणानंतर ते बोलण्यात परत येतं.

"बर्फ. अस्वलं. पूर्वी कोळशाच्या खाणी होत्या, कामगारांचं गाव. हॉटेलात शिरतानासुद्धा बूट दारात काढून जायचं, ती खाणीतल्या काळ्या धुळीपासूनची पद्धत आहे."

"म्हणजे माणसं बरी असणार," बायको खरबुजातून मान वर न करता म्हणाली.

"आणि या दिवसांत तिथे सूर्य मावळत नाही," मी म्हणालो. "चोवीस तास ऊन."

अण्णांनी पेपर मांडीवर ठेवला. गंभीरपणे विचार केला. मग म्हणाले, "मग पाळ्या कशा लावतात?"

बायको हसली. नुसती हसली नाही, सुरी खाली ठेवून हसली, पदराने डोळे पुसले, थांबली, परत हसली. ती अशी हसते हे मी विसरलो होतो. अण्णांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ते तिलाच विचारत होते, "आणि तू बी चाललीस? रजा भरली का?"

तिने सुरी परत हातात घेतली. मग म्हणाली, "भरलीये, अण्णा. मंजूर व्हायचीये."

"बदली कोण?"

बदली म्हणजे कायमचा कामगार रजेवर गेला की त्याच्या जागी येतो तो माणूस. हा शब्द आमच्या घरात मी कित्येक वर्षांनी ऐकला.

"तुमची लेक," बायको म्हणाली. "तिच्या हातून डबा घ्याल ना? की परत पाठवाल?"

अण्णांनी खरबुजाची फोड तोंडात टाकली आणि सगळी चावून होईपर्यंत आम्हाला ताटकळत ठेवलं. "बदलीवाला नवा असला की चुकतो," ते म्हणाले. "तिला म्हणावं, स्टीलचा डबा. फडताळात वर असतो. मग घेईन की. जा तू."

रात्री यातलं त्यांना काय आठवणार, हे मला ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही ठाऊक नाही. बायकोलाही ते कळत होतं. पण ती उठली, आत जाऊन फोन लावला आणि सोलापूरला डब्याची जागा, झाकण कसं बसतं, चटणी कुठल्या बाजूला, सगळं सावकाश समजावून सांगितलं. अण्णा तोवर खुर्चीतच झोपले होते.

मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "मी आज तुला सांगणार होतो, रद्द करू या. महिना चुकलाच माझा. तिथे रात्रच नाही."

तिने खरबुजाच्या बिया ओंजळीत गोळा केल्या, बादलीत टाकल्या, हात धुतले.

"रात्र नाही ना? मग रात्री कुणी उठवणारही नाही," ती म्हणाली. "तिकिटं राहू द्या तशीच. तुमची अस्वलं तुम्ही बघून या. मी खोलीत थांबेन. फक्त त्या हॉटेलवाल्यांना विचारून ठेवा, पडदे जाड आहेत का."