उजेड वाढला तेव्हा

आमच्या गावाकडे बल्ब कधी धड पेटलाच नाही. आत नुसती लालसर तार दिसायची. म्हणून शहरात, नल्लकुंट्यात सरांच्या सेवेला असताना, एका संध्याकाळी त्यांच्या खोलीतला पिवळा बल्ब एकदम पांढराफेक झाला, तेव्हा मी खूश होऊन म्हणाले, "सर, आज लाइट भारी आहे!"

सर झोपेत होते. नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन. तेही रोजच्यापेक्षा मोठ्यानं घुरघुरत होतं. पंखा सुसाट.

सरांनी जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, मी आठवीतच शाळा सोडलेली. तरी मी भाजी निवडत बसले की ते मला शिकवायचे. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

"वीज म्हणजे तारेतून साखर घेऊन येणाऱ्या मुंग्या. एकेका मुंगीच्या डोक्यावर साखर किती, ते व्होल्टेज. साखर दिव्यात टाकून मुंग्या दुसऱ्या तारेनं परत जातात, ती न्यूट्रल. बिल्डिंगची न्यूट्रल तुटली, की एका घरात साखर कमी, दुसऱ्यात नको तेवढी. तिथं जळतं."

"मुंग्या चावतात का, सर?"

"हात लावून बघ!"

त्या संध्याकाळी ते आठवलं, आणि मी बाल्कनीतून खालच्या मजल्यावरच्या अम्मांना विचारलं, "अम्मा, लाइट कैसा है?"

"चिमनी के जैसा! सब तुमीच खींच ले रै क्या? थोडा नीचे बी छोडो!" अम्मा हसल्या.

एकाच बिल्डिंगमध्ये वर लख्ख, खाली मंद. म्हणजे न्यूट्रल गेली.

मेन स्विच पाडावा तर मशीन थांबणार, न पाडावा तर जळणार. सरांचा श्वास मशीनवरच, आणि घरात विचारायला कुणी नाही.

आधी कोपऱ्यातला ऑक्सिजनचा जादा सिलिंडर. त्याची चावी घट्ट, हाताला घाम. ओढणी गुंडाळून फिरवली. नळी मशीनवरून काढून सिलिंडरला लावली, पाण्याच्या बाटलीत बुडबुडे आले, मग धावत जाऊन मेन पाडला. अंधारात सरांच्या छातीवर हात ठेवला. हलत होती.

"कोणी बंद केलं?" सरांना जाग आली होती.

"मी."

"आधी सिलिंडर?"

"हौ सर, आधी सिलिंडर."

"आठवी पास ना तू?"

"नापास."

"तपासणारा गाढव होता."

शेजारच्या बंद फ्लॅटमधून जळका वास येऊ लागला होता. मोबाइलच्या उजेडात मी सिलिंडरचा काटा बघत बसले. तो खाली येत होता, आणि मी बोलावलेला लाइनमन फोनवर "आ रहा हूँ" एवढंच म्हणत होता. काटा लाल पट्टीत शिरला, तेव्हा कुठे तो खालून ओरडला, "हो गया, मेन उठाओ!"

माझा हात उठेना.

"उचल," सर म्हणाले. "मी आहे ना."

डोळे मिटून मी मेन वर केला. उघडले, तर बल्ब रोजच्यासारखा पिवळा होता.