कोटाची उजवी बाही

"मी फक्त नीट लावली, बारके. जाळली नाहीये."

"कुणी सांगितलं होतं नीट लावायला?"

"खांद्यावर ओढत होती. तू बटणं आणायला गेलीस, तेवढ्यात उसवली आणि परत लावली. एवढंच."

"एवढंच," ती म्हणाली आणि पुतळ्यावरचा कोट काढून तिनं मेजावर टाकला.

"बघ ना कशी बसलीय. एक सुरकुती शोधून दाखव."

"तेच तर. मी लावलेली असती तर सापडली असती."

आई खिडकीपाशी मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "भावानं जरा हात लावला तर काय आभाळ कोसळलं गं?"

"आई, उद्या मला तिथे सांगायचंय की हा कोट मी एकटीनं केलाय."

"मग सांग. कोट थोडाच बोलणार आहे."

दुकानाला आज सुट्टी होती, नाहीतर हे सगळं गिऱ्हाइकांसमोर झालं असतं. वडिलांच्या माघारी हे शिंपीकाम दोघं भावंडं बघत. दादा कापायचा आणि मशीनवर बसायचा. बारकीकडे तुरपाई, काज, बटणं.

लहानपणी लॉन्ड्रीतल्या इस्त्रीच्या रुळांत तिचा डावा हात गेला. मनगटापासून पुढे काही उरलं नाही. पोर गुंतून राहील म्हणून वडिलांनी तिला बटणांच्या डब्याशी बसवलं. पोर गुंतली कसली, बटणं लावायला शिकली. कापड दातांत धरायची आणि उजव्या हातानं शिवायची. एकदा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "कॉलर ओली कशी?" वडील शांतपणे म्हणाले, "आत्ताच पाणी मारून इस्त्री केलीय."

मग दादानं सुताराकडून तिच्यासाठी एक लाकडी चिमटा करून आणला. मेजाच्या काठाला बसवलेला. गुडघ्यानं दांडा दाबला की उघडायचा, सोडला की मिटायचा. कापडाची कड त्यात अडकवायची, डाव्या कोपरानं ताणून धरायचं, की उजवा हात मोकळा. त्यासाठी शिवणीबाहेरचं कापड, ज्याला शिंपी माया म्हणतात, ती इतरांच्या दुप्पट सोडायला लागे. सगळं शिवून झाल्यावर, अगदी शेवटी, ती जादा माया कापून टाकायची.

तिला नाटक कंपनीच्या कपडेपटात कटर व्हायचं होतं. वडिलांबरोबर एकदा कपडे पोचवायला गेली असताना तिनं राजाचा झगा उलटून पाहिला होता. आतून गोणपाट. बाहेरून राजा आणि आतून गोणपाट, हे ज्यानं कुणी कापलं असेल तो माणूस व्हायचं, एवढं तिनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मोठी झाल्यावर ती तिथे काम मागायला गेली. त्यांनी आधी मनगट पाहिलं, मग चहा पाजून परत पाठवलं. पुन्हा गेली, पुन्हा चहा. या खेपेला कपडेपटाच्या बाई नवीन होत्या. त्यांनी चहा विचारला नाही. म्हणाल्या, "एकटीनं केलेला एक कोट घेऊन या. मग बोलू."

तिनं उसवणी उचलली आणि उजव्या बाहीचा पहिला टाका तोडला.

"डोकं फिरलंय का तुझं? सकाळची गाडी आहे."

"असू दे."

"तिथे तुझा कोट कुणी बघणार नाहीये, बारके. तुझा हात बघणार आहेत. खोड काढायला जागा राहू नये म्हणून केलं मी."

"आणि त्या म्हणाल्या, आता अशीच बाही इथे लावून दाखवा? तुला खिशात घालून नेऊ?"

बाही सुटली. तिनं ती उलटी केली आणि थांबली. माया नव्हती. शिवणीलगत जेमतेम एक बारीक कड शिल्लक होती. बाहीवर तशीच, बाही जिथे जोडायची त्या मुंढ्यावर तशीच. कुठलाही नीटस शिंपी ठेवील तेवढीच.

तिनं गुडघ्यानं चिमटा उघडला, कड आत सरकवली आणि ताणली. कड निसटली. परत घातली. परत निसटली.

"सवय आहे हाताला," दादा म्हणाला. "शिवण झाली की कात्री चालतेच. माझ्या ध्यानातच आलं नाही."

चिंध्यांच्या टोपलीतून तिनं अस्तराची एक पट्टी काढली आणि त्या बारीक कडेवर कच्च्या टाक्यांनी जोडू लागली, म्हणजे चिमट्याला धरायला काहीतरी मिळेल. कापड धरायला दात होतेच.

"कड विसविशीत होईल," दादा म्हणाला. "दे इकडे, मी धरतो."

तिनं दातांतलं कापड न सोडता मान हलवली. आईचे हात मटारांत थांबले होते.

पट्टी लागली. तिनं ती चिमट्यात घातली, कोपरानं ताणली. थोडी सरकली, मग धरून राहिली. तिनं सुई उचलली, पण टाका घातला नाही.

"हा चिमटा सुताराकडून तूच करून आणलास, दादा."

"हो. मग?"

"किती माया आत जायला हवी ते तूच त्याला बोटांनी मोजून दाखवलं होतंस. मी शेजारी उभी होते."

दादानं मेजावरची कात्री उचलली, खिळ्याला अडकवली.

"मी तिथे जावं असं तुला वाटतं का? खरं सांग."

त्यानं दाराशी चपला घातल्या. एक उलटी पडली होती, ती पायानंच सुलटी केली आणि तो जिना उतरून गेला.