कॉफीवाल्याचं नाक

गिऱ्हाईक दुकानात आलं की मी मूठभर भाजलेल्या बिया तळहातावर घ्यायचो, दुसऱ्या हाताने झाकून दोन-तीनदा हलवायचो आणि नाकाशी नेऊन लांब श्वास घ्यायचो. क्षणभर डोळे मिटायचे. मग मान हलवायची, जराशीच, आणि म्हणायचं, "घ्या, आज चांगली उतरली आहे." हे सगळं मला अण्णांनी शिकवलं होतं. त्यातला वास घेण्याचा भाग तीन वर्षं निव्वळ नाटक होतं, हे मात्र अण्णांना ठाऊक नव्हतं. माझ्या बायकोलाही नव्हतं.

अण्णा म्हणजे अंबरनाथच्या चाळीतले आमचे शेजारी. मूळचे केरळातले, पालघाटकडचे, पण कारखान्यात नोकरी करून इथेच निवृत्त झालेले. मराठी बोलायचे, आपल्याच चालीने. मी तेव्हा एमआयडीसीतल्या एका कंपनीत ऑपरेटर होतो. रंगाला लागणारी रसायनं बनायची तिथे. अकरा वर्षं मी त्या वाफेत उभा राहिलो. घरी आलो की बायको माझा शर्ट दाराबाहेरच काढायला लावायची आणि वेगळ्या बादलीत भिजवायची. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एके दिवशी कंपनीला टाळं लागलं आणि मी घरी बसलो. बायको नगरपालिकेच्या शाळेत शिकवत होती म्हणून चूल पेटत राहिली.

रिकामटेकडा माणूस चाळीत फार उठून दिसतो. अण्णा दर रविवारी ओट्यावर लोखंडी कढईत घरापुरती कॉफी भाजायचे. एकदा मला म्हणाले, "बसून काय करतो? हे हलव." मी हलवायला बसलो. आमच्याकडे कॉफी म्हणजे जायफळ घालून पाहुण्यांना द्यायचं गोड दूध. त्या दिवशी कढईतून जो वास उठला तो माझ्या अंगावर काटा आणून गेला, खोटं कशाला सांगू. आधी ओल्या गवताचा, मग पावाच्या भट्टीचा, मग भाजलेल्या शेंगदाण्यांचा, आणि एका क्षणी हे सगळं बाजूला सारून फक्त कॉफीचा. अण्णा म्हणाले, "आता. उतरव. हा वास लक्षात ठेव, बाकी विसर."

पुढचं सगळं त्या एका वासावर उभं राहिलं. आधी कॉलनीतली दाक्षिणात्य घरं, मग उल्हासनगरची दोन-तीन हॉटेलं. कढई पुरेना तेव्हा उल्हासनगरच्या एका सिंधी कारागिराकडे गेलो. तो म्हणाला, "साईं, आज तक पापड़ का मशीन बनाया है, ये भी बन जाएगा." आणि बनलं. गोल फिरणारं लोखंडी पिंप, खाली गॅस, बाजूला मोटार, आवाज असा की शेजारी भांडायला यायचे. म्हणून मग बदलापूरला कात्रपमध्ये एक शेड घेतली आणि पुढच्या बाजूला छोटं दुकान काढलं. आम्हीही जवळच राहायला आलो.

नव्वदच्या दशकात मळेवाल्यांना आपला माल आपणच विकायची मोकळीक मिळाली. मी एसटीने कर्नाटकातल्या घाटात गेलो आणि एका म्हाताऱ्या मळेवाल्याकडून एकाच डोंगरउताराच्या बिया घेऊन आलो. त्यात दुसरं काही मिसळायचं नाही, कॉफीत सगळे घालतात ती चिकोरीची पूडसुद्धा नाही. बायको म्हणाली, "कॉफी ती कॉफी, तिला डोंगर कशाला लागतो?" पण लोकांना फरक कळला. ठाण्याहून, दादरहून माणसं विचारत यायला लागली. मला वाटायला लागलं की मी कुणीतरी आहे. त्याच वर्षी माझं नाक गेलं.

कधी गेलं ते मला सांगता यायचं नाही. कळलं ते असं. एका सकाळी मी पिंपासमोर उभा होतो आणि शेजारचा गिरणीवाला धावत आला, "अहो, जळतंय तुमचं!" बिया कोळसा झाल्या होत्या, धूर छपराला लागला होता आणि मी त्या वासाची वाट बघत उभा होतो. "मुद्दाम काळी भाजतोय," मी म्हणालो. ते माझं पहिलं खोटं.

उल्हासनगरच्या डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं, मग विचारलं की आधी काय काम करत होतात. मी सांगितलं. त्यांनी बॅटरी खिशात ठेवली. "हळूहळू मरत आलं असेल. परत येत नाही हे," म्हणाले. मी बाहेर येऊन एका टपरीशेजारी बसलो आणि भर रस्त्यात रडलो.

सांगणार कुणाला? आंधळ्याने सोनं पारखावं तशी गत. नाक नसलेल्या माणसाकडून कॉफी कोण घेईल? मी डांबराच्या गोळ्या हुंगल्या, आलं ठेचून हुंगलं, रॉकेलच्या डब्यात तोंड घातलं. काही नाही. रोज सकाळी उठलो की आधी उशी हुंगायचो, आज आलं असेल म्हणून. त्या तीन वर्षांत मी एक दिवसही निर्धास्त झोपून उठलो नाही.

आणि दुर्दैव असं की कॉफी चांगली होत राहिली. बिया भाजताना दोनदा बोलतात. पहिल्यांदा लाह्या फुटाव्यात तशा, दुसऱ्यांदा बारीक, कोरड्या. मी कानाने भाजायला लागलो. रंग बघायचो, घड्याळ बघायचो, पिंपाला कान लावायचो. उतरली की तळहातावर घेऊन नाकाशी न्यायचो, डोळे मिटायचो, मान हलवायचो. घरीही तेच. "वा, काय वास सुटलाय," मी ताटावर बसताना म्हणायचो. एकदा असं म्हणालो आणि त्या दिवशी वरण करपलं होतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. चेष्टा समजून हसली बिचारी.

मग त्या म्हाताऱ्या मळेवाल्यांचं पत्र आलं. सगळ्यात वरच्या उतारावरचा माल यंदा फार सुरेख आला आहे, तो दुसऱ्या कुणाला न देता सगळाच तुम्हाला पाठवतो, असं त्यात होतं. बारा पोती आली. पावसाळा तोंडावर होता आणि आदल्या वर्षी शेडच्या ओलीने गोणपाटाला बुरशी धरली होती. मी ठरवलं, या वेळी माल ड्रममध्ये ठेवायचा.

आमच्या भागात कंपनीचा ड्रम म्हणजे घरची इस्टेट. पाणी त्यात, तांदूळ त्यात, गाद्या त्यात. ज्याच्या घरी झाकणाचा निळा ड्रम त्याची बायको नळावर ताठ मानेने चालायची. तेव्हा उल्हासनगरच्या भंगारबाजारातून बारा ड्रम आणण्यात मला काही वावगं वाटलं नाही. भंगारवाला म्हणाला, "तेल का माल था सेठ, खाने का." मी प्रत्येक ड्रममध्ये डोकं घातलं, लांब श्वास घेतला आणि म्हणालो, "हां, ठीक है." त्याच्यासमोरसुद्धा नाटक! सवयच लागली होती. मग धुण्याचा सोडा आणि उकळतं पाणी घालून तीन-तीनदा घासले, दोन दिवस उन्हात पालथे घातले. बायकोने जेवताना विचारलं, "वास बघून घेतलात ना?"

"बघितला," मी म्हणालो.

पाच आठवडे त्या बिया बंद ड्रममध्ये राहिल्या. मग मी पहिला घाणा भाजला. तडतड सुरेख झाली, रंग सुरेख आला. दळून चाळीस पुड्या भरल्या आणि शनिवारी नेहमीच्या गिऱ्हाइकांना दिल्या, काहींना दुकानात, काहींना स्कूटरवरून घरपोच. प्रत्येकासमोर तळहात नाकाशी नेला. रविवारी सकाळी अण्णांची पुडी घेऊन अंबरनाथला गेलो.

अण्णा आता अंथरुणाला खिळले होते, पण कॉफी सुटली नव्हती. मीच फिल्टर लावला, दूध तापवलं, पेला त्यांच्या हातात दिला. त्यांनी घोट घेतला, तोंडात धरला आणि बाजूच्या वाटीत थुंकला. मग पुडी मागितली, उघडून हुंगली आणि माझ्यापुढे धरली.

"हे काय आहे?"

"नवीन माल आहे अण्णा. यंदा जरा वेगळा आहे." मी पुडी नाकाशी नेली. डोळे मिटले. मान हलवली. "नाही, चांगली आहे की."

अण्णांनी माझ्या हातातून पुडी काढून घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. ते जास्त वाईट होतं.

"नाक कधी गेलं तुझं?"

"तीन वर्षं झाली," मी म्हणालो.

"आणि लोकांना हात दाखवतो, वास घेऊन?" त्यांनी वाटी लांब सारली. "मी तुला ते नाकासाठी शिकवलं. दाखवण्यासाठी नाही. किती घरी दिलं हे?"

"चाळीस."

"मग बसला काय? ऊठ."

घरी आलो तेव्हा बायको तांदूळ निवडत होती. मी पुडी तिच्यासमोर ठेवली आणि म्हणालो, "वास घे." तिने घेतला आणि झटक्यात मागे झाली. रंग उडाला तिचा.

"हा तुमच्या कंपनीचा वास आहे. तुमच्या शर्टाला यायचा तो. परवाही आला होता शर्टाला, मला वाटलं मला भास झाला." मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला नाही आला?"

मी सगळं सांगितलं. डॉक्टर, जळलेला घाणा, ड्रम. ज्या वाफेने माझं नाक नेलं तीच मी सोडा लावून, उन्हात वाळवून, स्वतःच्या हाताने कॉफीला पाजली होती. मला वाटलं ती आता दुकानाचं काय होणार ते विचारेल.

"म्हणजे तीन वर्षं माझ्या जेवणाला छान वास आला म्हणत होतात, तेही खोटंच," ती म्हणाली आणि उठून पदर खोचला. "चला. आधी पुड्या परत आणू."

तो रविवार मी जन्मात विसरणार नाही. स्कूटरवर मागे ती, मांडीवर पिशवी, आणि आम्ही दारोदार. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर. प्रत्येक दारात मीच बोलायचं, असं तिने बजावलं होतं. "कॉफी खराब आहे, पिऊ नका, मला वास येत नाही." पहिल्या दारात हे वाक्य तोंडातून निघायला मला दोन मिनिटं लागली. कुणी दार धाडकन लावलं, कुणी हसलं, एका हॉटेलवाल्याने भर गल्ल्यावरून शिव्या घातल्या. घातल्या ते बरंच केलं.

सगळ्यात वाईट काय झालं तर एक निवृत्त मास्तरीणबाई. दुकानाच्या पहिल्या दिवसापासूनच्या गिऱ्हाईक. त्यांची पुडी निम्मी संपली होती.

"बाई, तुम्हाला वास आला नाही?" माझ्या बायकोने विचारलं.

"आला ना," त्या म्हणाल्या. "औषधासारखा. पण यांनी माझ्यासमोर वास घेऊन दिली होती. म्हटलं, यांच्यापुढे आपलं नाक ते काय? आपलंच काहीतरी चुकत असेल. म्हणून प्यायले."

मी त्यांच्या पायरीवर बसलो. पुढचे पंधरा दिवस मी रोज त्यांच्या घरावरून जायचो, खिडकी उघडी आहे ना बघायला. सुदैवाने कुणाला काही झालं नाही.

बायकोने शेडमध्ये बाराही ड्रम उघडून हुंगले. एकेका ड्रमनंतर बाहेर जाऊन श्वास घ्यायची आणि नकारार्थी मान हलवायची. बाराव्यानंतर ती बाहेरच बसून राहिली. जवळच सोनिवलीला तिच्या एका सहकाऱ्याची पडीक जागा होती. तिथे खड्डा खणून आम्ही तो वरच्या उताराचा माल पुरला. हिरवट, एकसारख्या, इतक्या देखण्या बिया होत्या. त्या मातीत पडतानासुद्धा मला त्यांचा कसलाच वास आला नाही. मळेवाल्यांना खरं काय ते लिहिलं. त्यांचं उत्तर आलं नाही, कधीच.

दुकान दीड महिना बंद होतं. मी विकून टाकणार होतो, पिंप भंगारात घालणार होतो. बायको म्हणाली, "तुमचे कान शाबूत आहेत ना? मग झालं." शाळा सुटली की ती शेडवर येऊन पिंपाशेजारी स्टूल टाकून बसायला लागली. तिला कॉफी मुळीच आवडत नाही, चहाबाज आहे पक्की. पण बिया बोलायच्या आधीच ती "आता" म्हणायची. आधी मला राग यायचा. मग कळलं की दर वेळी तीच बरोबर असते.

दुकान उघडलं त्या दिवशी सकाळपासून कुणी आलं नाही. दुपारी मास्तरीणबाई आल्या. मी मूठभर बिया तळहातावर घेतल्या, झाकून हलवल्या आणि हात त्यांच्यापुढे केला. त्यांनी वाकून वास घेतला. मग सवयीने माझ्याकडे बघत थांबल्या, आता मी हुंगेन म्हणून.

"मला येत नाही, बाई," मी म्हणालो.

"हो, विसरलेच मी," त्या म्हणाल्या. "थांबा मग. मीच नीट घेते."

त्यांनी माझा हात मनगटाला धरून जवळ ओढला आणि डोळे मिटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिलो. दुसरं काही मला करता येण्यासारखं नव्हतं.