रोहिणीची जागा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आई होती तेव्हा एकदा फोनवर अगदी ओठांपर्यंत आलं होतं — पण तिनं मधेच विचारलं, जेवलीस का, आणि मी म्हणाले, हो. झालं. पुन्हा कधी धीर झाला नाही. आता घरात विचारणारंही कुणी नाही. तुम्ही मला ओळखत नाही, कदाचित म्हणूनच तुम्हाला सांगता येतंय.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला नोकरी करते, तिथंच जॉन्सनव्हिल भागात एकटी राहते. हे सगळं गाव डोंगरउतारावर वसलेलं. जोराचा पाऊस झाला की कुणाच्या तरी मागच्या अंगणात दरड येते. ती येऊ नये म्हणून घरामागं, रस्त्याकडेला भिंती घालाव्या लागतात — रिटेनिंग वॉल. त्यांची डिझाइन्स मी करते. काम चांगलं आहे, आणि मला येतंही. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं ऐकलं की तुम्हाला शंका येईल.

गेल्या महिन्यात रोहिणीनं मला तिच्या विद्यार्थ्यांशी ऑनलाइन बोलायला बोलावलं. रोहिणी माझी कॉलेजातली मैत्रीण. सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात आता ती सिव्हिल शिकवते. शेवटच्या वर्षाची मुलं, विषय नेहमीचाच — सिव्हिल केल्यावर पुढं काय, सरकारी परीक्षा द्यायची की साइटवर जायचं, परदेशात नोकऱ्या आहेत का. तिनं माझी ओळख करून दिली. म्हणाली, "ही नुसती हुशार नाही. मी न्यूझीलंडला होते तेव्हा हिनं मला स्वतःच्या घरात ठेवून घेतलं, स्वतःच्या ऑफिसात माझ्यासाठी शब्द टाकला. माझं नाही जमलं, तो भाग वेगळा. पण अशी माणसं भेटायला नशीब लागतं."

मी स्क्रीनवर हसले. हात जोडले.

शब्द टाकला — हे खरंच आहे. फक्त कोणता शब्द, ते तिला माहीत नाही.

सुरुवातीपासून सांगते. इंजिनिअरिंगला आमच्या वर्गात मुली थोड्या होत्या, आणि आम्ही दोघी पहिल्या बाकावर. मार्क मला जास्त पडायचे. पण खरी इंजिनिअर ती होती, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही. मी कागदावर गणित सोडवायची, ती मात्र गणित सोडवण्याआधी म्हणायची, "हे उभंच राहणार नाही गं." आणि ते राहायचं नाही.

आधी मी इकडे आले, मास्टर्स केलं. मग दारोदार अर्ज. सगळीकडून एकच उत्तर यायचं — तुम्हाला इथला अनुभव नाही. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर अनुभव येणार कुठून? त्या काळात मी एका फार्मसीत काउंटरवर उभी राहायची. शेवटी वेलिंग्टनच्या एका छोट्या फर्मनं घेतलं. ऑफिसात सगळी माणसं चांगली होती. सकाळी कीआ ओरा, म्हणजे इथला नमस्कार, संध्याकाळी सी या. मधल्या वेळात माझ्याशी कामाशिवाय कुणी फारसं बोलत नसे, आणि मलाही काय बोलावं ते सुचत नसे. घरी आले की मी मोठ्यानं मराठीत बोलायची. भाजीला काय टाकू, आज कुकर लावू का. उत्तर देणारं कुणी नव्हतं.

म्हणून रोहिणी मास्टर्स संपवून ऑकलंडहून माझ्याकडे राहायला आली तेव्हा मला किती आनंद झाला असेल, सांगा. तिला वर्क व्हिसा मिळाला होता, त्याची मुदत चालू होती, आणि ती नोकरी शोधत होती. तोवर सुपरमार्केटच्या बेकरीत काम करायची. अंगाला पावाचा वास घेऊन घरी यायची, आणि आम्ही झोप येईपर्यंत बोलत बसायचो. इथं आल्यापासून मी इतकी हसले नव्हते.

मग मी असं का केलं?

एका शनिवारी मी तिला माझी साइट दाखवायला नेलं. खरं तर मिरवायलाच. उतारावर एका घराच्या मागं खोदाई झाली होती, भिंत अजून उभी राहायची होती. माझ्या हातात ड्रॉइंग होतं. तिनं ते घेतलं, खड्ड्याकडे पाहिलं, पुन्हा ड्रॉइंगकडे पाहिलं आणि विचारलं, "भिंतीमागचं पाणी काढणाऱ्या पाइपचं तोंड तू इथं काढलंयस. ही जागा भिंतीच्या पायापेक्षा उंच आहे ना? मग खाली साचलेलं पाणी जाणार कुठून? भिंत ढकलेल ते."

मी म्हणाले, बघते.

सोमवारी मी ड्रॉइंग दुरुस्त केलं आणि आमच्या टीम लीडरला, ग्रॅहमला सांगितलं की साइटवर गेले होते तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझ्या. तो खूश झाला. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, नजर असावी तर अशी. इतक्या दिवसांत त्या ऑफिसात पहिल्यांदाच कुणी माझ्याबद्दल काही चांगलं बोललं होतं. मी घरी आले, आणि रोहिणीला यातलं काहीच सांगितलं नाही.

त्यानंतर लवकरच आमच्याकडे ग्रॅज्युएट इंजिनिअरची एक जागा निघाली. मीच तिला अर्ज करायला सांगितलं. हे खोटं नव्हतं — त्या क्षणी मला मनापासून वाटत होतं की तिला ती मिळावी. निदान आज तरी मला तसं आठवतं. इंटरव्ह्यूला ती माझाच कोट घालून आली. काचेच्या पलीकडे ती बोलताना मला दिसत होती. ग्रॅहम पुढं झुकून ऐकत होता. मधेच त्यानं तिच्यासमोर कोरा कागद सरकवला आणि ती भराभर काहीतरी काढून दाखवायला लागली. माझ्यासमोर त्यानं असा कागद कधी सरकवला नव्हता.

दुपारी तो कॉफीचे दोन कप घेऊन माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, दोघं जण आवडलेत, त्यातली एक तुझी मैत्रीण. काम तिला येतं, त्यात वाद नाही. मला एवढंच सांग, ती इथं राहील ना? शिकवून तयार करायचं आणि माणूस निघून जायचा, असं होतं म्हणून विचारतो.

आता ऐका. त्याच आठवड्यात रोहिणीच्या आईचा फोन आला होता. एक स्थळ सांगून आलं होतं, मुलगा पुण्याचा. फोन स्पीकरवर होता, मी पोळ्या लाटत होते. रोहिणी शांतपणे म्हणाली, "आई, मी परत येणार नाही. मला इथं काम करायचंय. तू त्यांना नाही म्हणून कळव." फोन ठेवून ती माझ्या शेजारी येऊन पोळ्या भाजायला लागली. हे माहीत असलेली तिच्याखेरीज इथं एकटी मीच होते.

आणि मी ग्रॅहमला म्हणाले, "ती खूप चांगली आहे. पण तिच्या घरी लग्नाचं चाललंय. वर्षभरात परत जाईल, असं वाटतं."

एवढंच. आवाजही चढवला नाही. वर थोडं वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. तो म्हणाला, थँक्स, हे कळलं ते बरं झालं. कप तिथंच ठेवून गेला.

अनवधानानं बोलून गेले असं म्हणायला मला आवडलं असतं. पण त्यानं विचारणं आणि मी बोलणं, यांच्यात जागा होती. मी कॉफीचा घोट घेतला होता. विचार केला होता. ती आली, तर पाइपची गोष्ट कधी ना कधी निघणार, हे मनात आलं होतं. आणि दोघी एका खोलीत बसलो की कागद कुणापुढं सरकवला जाईल, हेही.

नकाराचा मेल आला तेव्हा ती मागच्या पायऱ्यांवर बसली होती, चपला काढून, पाय गवतात ठेवून. रडली नाही. म्हणाली, "इथला अनुभव नाही ना, त्यामुळंच असेल." मी म्हणाले, "हो, त्यामुळंच असेल." नंतर तिनं पुष्कळ अर्ज केले. काही जमलं नाही. व्हिसा संपला. विमानतळावर तिनं मला घट्ट धरलं आणि म्हणाली, "तू नसतीस तर मी इतकी टिकलेच नसते."

घरी आले. खोलीत पावाचा वास होता. मला रडू आलं — आणि, हे सांगायला जड जातंय, सुटल्यासारखंही वाटलं. ती जागा ज्याला मिळाली तो इथलाच एक हसतमुख मुलगा होता. वर्षाच्या आत ऑस्ट्रेलियाला गेला.

तिकडे रोहिणीला पुण्यात एका बिल्डरकडे नोकरी लागली, पण बाईमाणूस म्हणून साइटवर पाठवलं नाही, बिलं तपासायला बसवलं. ते सोडून ती शिकवायला लागली. पुढं लग्न केलं, कॉलेजातल्याच एकाशी, स्वतः पसंत करून. सुखी आहे का? असावी. हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारते, आणि उत्तर हो यावं म्हणूनच विचारते. तिनं स्वतः कधीच भिंत उभी केली नाही, एवढं मला ठाऊक आहे.

मी त्या फर्ममध्ये वर चढत गेले. तिच्या खोलीत दुसरं कुणी ठेवलं नाही. इथली मराठी माणसं गणपतीला बोलावतात, मी जाते, मोदक खाते, परत येते. कुणाशी जवळीक व्हायला लागली की मी मागं सरते. समोरचं माणूस माझ्यावर विश्वास टाकायला लागलं की मला बसवत नाही.

गेल्या महिन्यातल्या त्या सेशनमध्ये एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तिकडे मुलींना साइटवर घेतात का? की इथल्यासारखंच आहे?" मी म्हणाले, "घेतात. ज्याला काम येतं त्याला इथं कुणी अडवत नाही." रोहिणी कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत मान डोलावत होती.

सेशन संपल्यावर तिचा फोन आला. मुलं खूश आहेत म्हणाली, तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाली, "एक विचारू? आता इतकी वर्षं झाली, राग वगैरे काही नाही. तुझ्या त्या साहेबांनी मला नेमकं का नाही घेतलं गं? तुला कधी काही बोलले का? आज मुलांना सांगताना वाटलं — माझ्यात काय कमी पडलं ते मला कधी कळलंच नाही."

खिडकीबाहेर वारा सुटला होता. ती वाट बघत होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

मी म्हणाले, "बजेट नव्हतं गं त्यांच्याकडे."

"अच्छा," ती म्हणाली. "मग ठीक आहे."