थाउबासच्या पोरीचं दूध

थाउबास आमच्या गल्लीतली विधवा. अळशीचं सूत कातून पोट भरायची, तोंडाने फटकळ. नाईलला पाणी चढलं नाही, पिकं बुडाली, त्या वर्षी तिनं उकिरड्यावर टाकलेली एक पोर उचलून आणली. अशी पोरं वाढवून गुलाम म्हणून विकायची, ही आमच्या गावची रीतच.

"म्हातारपणाची सोय केलीस की गं!" शेजारणीनं टोमणा मारला.

"विकायचीच असती तर जरा बाळसेदार निवडली नसती का?" थाउबास म्हणाली.

पण पाजणार कोण? येशूच्या नावानं जमणाऱ्या आमच्या मंडळीत सेनामून तेवढी अंगावर पाजणारी. ती म्हणाली, "आण इकडं, मावशी. देवानं दोन बाजू कशाला दिल्यात?"

जास्तीचं कुणाकडेच नव्हतं. आमच्यात असं असलं की आपण उपास करायचा आणि वाचलेली भाकर गरजवंताला द्यायची. सगळ्यांच्या भाकरी मीच सेनामूनकडे पोचवायचे. तरी तिचं दूध आटत चाललं. पोर ओढायची, सोडायची. रडली की आमचा जीव खालीवर व्हायचा, गप्प झाली की त्याहून जास्त.

एक दिवस थाउबासच्या फडताळात मला भाकर दिसली. एका बाजूनं करपलेली, माझ्याच हातची.

"ही इथं कशी?"

"सेनामूननं दिली. जास्तीची आहे म्हणाली. पण माझाही उपास, उद्या तिलाच नेऊन देणार होते."

आम्ही दोघी तशाच धावत सुटलो. सेनामून भिंतीला टेकून बसली होती, ओठ पांढरे पडलेले.

"तुम्ही सगळे उपाशी, मग मी एकटीनं कसं गिळू?" ती पुटपुटली. "लाज वाटते, मावशी."

"लाज मागाहून वाटून घे. तुझा उपास या पोरीला घडतोय, कळतंय का?" थाउबासनं भाकर मसुरीच्या पाण्यात कुस्करली आणि घास तिच्या तोंडात कोंबला. शेजारच्या घरून कांदा आला, खजूर आला. त्या दिवशी काही फरक पडला नाही. पोरीचे हातपाय गार लागत होते. मी थाउबासकडे बघायचंच टाळलं.

दुसऱ्या दिवशी सेनामूननं पोरीला पुन्हा छातीशी धरलं. पोरीनं ओढलं, सोडलं, परत ओढलं. मग तिच्या गळ्याशी घोट हलला. पाठोपाठ दुसरा.

मी बोलायला तोंड उघडलं, तशी थाउबासनं माझा दंड करकचून धरला.

"गप. तिला पिऊ दे," ती म्हणाली, आणि सेनामूनकडे वळली, "आणि तू, आजपासून माझ्यासमोर बसून जेवायचं."