वास नसलेली जमीन

सदर इसमाचे नाव मेंग पिलसू, वय सत्तावन्न, राहणार हामगोल बाजारपेठ. व्यवसाय : घरांच्या जमिनींवर जांगपान (प्लास्टिकचे आच्छादन) अंथरणे व भिंतींना कागद चिकटवणे. बांधा मध्यम, केस विरळ, ओळखीची खूण दोन्ही गुडघ्यांवर घट्टे. दुकानाचे नाव 'प्रामाणिक सजावट'. सदर नावास आजतागायत कोणीही हरकत घेतलेली नाही. तालगोल गावच्या ज्येष्ठ नागरिक सभागृहाची जमीन नव्याने आच्छादण्याकरिता अनुभवी, निर्व्यसनी व विश्वासू कारागीर म्हणून सदर इसमाची शिफारस करण्यात येत आहे.

सदर इसमाला वास येत नाही.

हे शेवटचं वाक्य शिफारसपत्रात नव्हतं, कारण कचेरीला ते ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं फक्त त्याच्या बायकोला, ओकबुनला. लग्नानंतर थोड्याच वर्षांनी एका हिवाळ्यात पिलसूला सर्दी झाली. सर्दी गेली, ती जाताना वास घेऊन गेली. पिलसूने याचा गाजावाजा केला नाही. दिवसभर गोंदाच्या बादलीत डोकं घालून बसणाऱ्या माणसाला हे एक प्रकारे बरंच होतं.

तालगोलचं ज्येष्ठ नागरिक सभागृह म्हणजे आज्यांची खोली. सकाळी जेवणं उरकली की गावातल्या आज्या तिथे जमत. खालून तापवलेल्या जमिनीवर पाय पसरून फुलांच्या चित्रांचे पत्ते खेळत, दुपारी तिथेच आडव्या होत. त्यांत पिलसूची सासूही होती. तिचं माहेर गुर्ये, म्हणून गावात ती गुर्येवाली. स्वतःचं नाव तिलाही बहुधा फक्त दवाखान्यात आठवायचं.

हे काम जावयाला मिळालं, तेव्हा गुर्येवालीने खोलीत ते इतक्यांदा सांगितलं की पत्त्यांचा डाव सुरू व्हायला उशीर होऊ लागला. पिलसूनेही कसर ठेवली नाही. जांगपान हे मुळात नळाच्या पाइपाचंच भावंड. पाइप कडक राहतो. जांगपान मऊ व्हावं म्हणून त्याच्यात तेलासारखं काहीतरी मुरवावं लागतं. इतकी वर्षं ते काहीतरी म्हणजे थॅलेट. ते खालच्या उबेने हळूहळू सुटून वर येतं आणि शरीराला चांगलं नाही असं म्हणतात. आणि त्याच जमिनीवर आपण जेवतो, झोपतो, नातवंडांना रांगायला सोडतो. पिलसूने मागवलेल्या नव्या गुंडाळ्यांत थॅलेटच्या जागी सोयाबीनच्या तेलापासून केलेलं द्रव्य होतं. "आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवा" हे वाक्य न बोलता त्याने आयुष्यात पहिल्यांदाच एखादं काम संपवलं.

दुसऱ्या दिवशी आज्या आत आल्या, बसल्या, आणि एकेकीने नाक वर केलं.

वास नव्हता.

या बाबतीत शेवटचा शब्द बोसाँगवाली आजीचा असे. कोणाच्या घरी काय शिजतंय हे ती रस्त्यावरून सांगायची, आणि कोणाच्या घरी काय शिजत नाहीये हेही. ती गुडघ्यांवर ओणवी झाली, कोपरा हुंगला, आणि उठून म्हणाली की नव्या जांगपानाचा वास असा असतो की डोकं ठणकतं, डोळ्यांना पाणी येतं. तेव्हा कुठे माणसाला कळतं की वस्तू नवी आहे. या जमिनीचा वास कुठे गेला? कुठे गेला म्हणजे, कोणाच्या तरी घरात दहा वर्षं अंथरून उडून गेला. हे काढलेलं जांगपान आहे.

त्यावर कोणी गुर्येवालीकडे पाहिलं नाही. नेमकं तेच तिला लागलं. ती पत्ते खाली ठेवून उठली, घरी गेली, आणि पुन्हा खोलीत गेली नाही.

रविवारी पिलसू आणि ओकबुन तालगोलला गेले. जावई दारात आला की गुर्येवालीच्या अंगणात एक कोंबडी कमी व्हायची, हा लग्नापासूनचा नेम. त्या दिवशी कोंबडी अंगण ओलांडून पिलसूच्या पायाजवळ आली, बुटाच्या नाडीला दोन टोचे मारून सावकाश परत गेली. तिला आतलं वातावरण समजलं असावं.

जेवताना सासूबाई भिंतीकडे तोंड करून होत्या. बोलल्या त्या मुलीशी. दिवसभर घरात एकटं बसून कोणाशी बोलायचं, मुळ्यांशी? ज्या खोलीत माझं नाक कापलं गेलं त्या खोलीत मी पाऊल टाकायची नाही. एवढं सांगून त्यांनी पिलसूच्या वाटीत सूप वाढलं. सुपात बटाटे होते.

पिलसू दुसऱ्याच दिवशी कंपनीचं माहितीपत्रक घेऊन आज्यांच्या खोलीत गेला. वास नाही हाच या मालाचा गुण आहे, यात सोयाबीन आहे, हे त्याने नीट समजावून सांगितलं. बोसाँगवालीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग सोयाबीनचा तरी वास यायला हवा होता. पिलसूने माहितीपत्रकाची घडी घातली.

तो गेल्यावर मात्र खोलीत निराळीच चर्चा सुरू झाली. त्यांच्या लहानपणी जमिनीवर कागद चिकटवलेला असे. भिजवलेलं सोयाबीन वाटून, पेरिलाच्या बियांचं तेल घालून, फडक्यात बांधून ती पुरचुंडी कागदावर घासायची. घासघासून जमीन मधासारखी पिवळी व्हायची. सोयाबीनची जमीन असेल तर सोयाबीन पिईल, बोसाँगवाली म्हणाली. नाही प्यायली, तर माणूस खोटा.

सगळ्या मिळून त्या जमीन घासायला बसल्या. कित्येक वर्षांत खोलीत एवढं काम झालं नव्हतं. प्लास्टिक ते, थेंबही पिणार नाही. वाटलेलं सोयाबीन सांध्यांत आणि भिंतीच्या कडांना जाऊन बसलं. वरून आज्यांनी फडकं मारलं. खालून उबेने आपलं काम चालू ठेवलं.

आठवड्याच्या शेवटी सरपंचाने पिलसूला बोलावणं धाडलं. पिलसू सासूबाईंनाही घेऊन आला. जे काय व्हायचं ते त्यांच्यासमोर होऊ दे, म्हणाला. सरपंच नाकाला रुमाल लावून दाराबाहेरच उभा होता. पिलसूला वाटलं, सर्दी असेल. आत आज्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. सासूबाई उंबऱ्यावरच थबकल्या.

पिलसू खोलीच्या मधोमध गुडघ्यांवर बसला, जमिनीवर दोन्ही तळवे टेकवले, आणि छाती भरून श्वास घेतला.

"बघा," तो म्हणाला. "काही वास आहे? नाही. अजिबात नाही."

दाराबाहेर सरपंचाने रुमाल आणखी घट्ट धरला.

"पुन्हा हुंग," बोसाँगवाली म्हणाली.

पिलसू कोपऱ्यात गेला, गालिच्यावर लोळणाऱ्या मांजराच्या समाधानाने त्याने नाक सांध्यावर टेकवलं. "आठवडा झाला, तरी कसं स्वच्छ," तो म्हणाला.

त्या सांध्याजवळ बसलेली आजी पदर नसल्यामुळे बाहीने तोंड झाकून हलत होती. ती हसते आहे की तिला मळमळतं आहे, हे ठरवणं अवघड होतं.

"जावईबापू," सासूबाई उंबऱ्यावरून सावकाश म्हणाल्या, "तुम्हाला वास येत नाही?"

पिलसूने मान खाली घातली. नाही येत, म्हणाला. कधीपासून, तर आमचा धाकटा झाला त्या हिवाळ्यापासून.

सासूबाईंनी मनात हिशेब केला. "म्हणजे दर हिवाळ्यात माझ्या सोयाबीनच्या कढणावर वाकून, काय घमघमाट सुटलाय, म्हणायचात ते?"

"वाफ दिसायची, आई."

बोसाँगवाली पुढे सरसावली. तिच्या चेहऱ्यावर न्यायाधीशाचं तेज आलं होतं. ती म्हणाली, सगळा उलगडा झाला. याला वासच येत नाही. कंपनीने याच्या गळ्यात जुना माल मारला आणि या बिचाऱ्याला पत्ता लागला नाही. "गुर्येवाली, तुझा जावई चोर नाही गं. येडा आहे."

खोलीतल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला, आणि लगेच त्या पस्तावल्या. येडे जावई तिथे प्रत्येकीच्या घरात होते. ती काही तोंड लपवण्याची गोष्ट नव्हती.

पिलसूने तोंड उघडलं. जमीन नवी कोरी होती. तिच्यात सोयाबीन होतं, थॅलेट नव्हतं, आणि तिला वास नव्हता हीच तर तिची थोरवी. हे सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं. मग त्याची नजर सासूबाईंकडे गेली. त्या उंबरा ओलांडून आत आल्या होत्या आणि आपल्या नेहमीच्या जागी, खिडकीखाली, बसायला गुडघे वाकवत होत्या.

"हो," पिलसू म्हणाला. "माझी फसगतच झाली."

"होतं असं," बोसाँगवाली मोठ्या मनाने म्हणाली, आणि पत्ते काढले.

सांधे खरवडून जमीन पुसायला पिलसूला अख्खी दुपार लागली. त्याच संध्याकाळी गुर्येवालीच्या अंगणातली कोंबडी कमी झाली. जिनसेंग आणि लसूण घालून ती बराच वेळ शिजवली होती. वास फार सुरेख सुटला होता, असं ओकबुन म्हणाली.